हंसाबाईच्या हातचं बदक

वरचा तांडा, ता. केळापूर
१८ नोव्हेंबर २०२४

हंसा,

फोन तू उचलत नाहीस. तुह्या लेकीच्या, अंजूच्या, फोनवर लावला तं जावई, प्रेम, म्हणते, "मामाजी, आई झोपल्या." सकाळी दहा वाजता कोण झोपते बे! म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंत शाळा शिकलो, ते कुठीतरी कामी यावं.

आधीच सांगतो, भांडण काढाले लिहून नाही राह्यलो. काम हाये. म्या बदकं पाळली. शिकारीची नाही, घरची, पांढरी. आदिलाबादकडून साठ आणली अन् शेततळ्यात सोडली. हायवेवरचा एक ढाबेवाला म्हणते, बदक चांगलं शिजवून दाखव, मंग दर शनिवारी घेत जाईन. राखीनं, म्हणजे भारतच्या बायकोनं, एक रांधलं. तिखट टाकलं, खसखस टाकली, खोबरं भाजून टाकलं. रस्सा असा लालभडक की पाहूनच घाम फुटावा. अन् तोंडात घातलं तं तळ्याचा गाळ! भारतनं ताट सरकवलं. म्या हट्टानं खाल्लं, सुनेचं मन मोडू नये म्हणून, अन् दिवसभर शेवाळाचे ढेकर देत फिरलो.

तवा तुह्या हातचं आठवलं. मी तळ्यावरून रानबदकं आणत होतो अन् तू रांधत होतीस, तीस वर्षं. तुह्या बदकाले कधी चिखलाचा वास आला नाही. सहा तांड्यायच्या लग्नात तुलेच बोलावत. चुलीवर कोण हाये, हंसाबाई हाये, असं म्हटलं की लोक एक भाकर जास्त खात. मले आठवते तेवढं लिहितो, चुकलं तं सांग. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, ते तू सगळ्यात आधी काढून फेकत होतीस. कातडं ठेवत नव्हतीस. अन् पक्षी आणला की पहिले त्याच्या गळ्याखालची दाण्याची थैली फाडून पाहत होतीस. थैलीत धान, ज्वारी निघाली तं सरळ भगुण्यात. मासोळी, गोगलगाय निघाली तं रातभर अंबाडीच्या आंबट पाण्यात. बाकी मसाला कोणीबी टाकते, पण ते थैली पाहणं कोणालेच जमलं नाही. पुढचं मले येत नाही. पाळीव बदकाचं काय करावं ते लिहून धाड.

तळ्यावर यंदा पाखरू बम आलं. हळदीकुंकू बदकं आली, मोठे हंस बी उतरले. मी पाळीवर बसून पाहतो अन् घरी येतो. आठ वर्षांत एका पाखराले हात लावला नाही. कायद्यानं बंदी हाये. तवाबी होती म्हणा.

तांडा सोडून तू राजूरले गेलीस त्यालेबी आठ वर्षं झाली. तुले कोणी जा म्हटलं नव्हतं. अंजूच्या सगाईत जे झालं ते झालं, लोक विसरले. एसटीचा कंडक्टर सांगत होता की तू कोळशाच्या कॉलरीच्या मेसमध्ये भांडे घासतेस. म्या त्याले म्हटलं, दुसरी कोणी असंल.

उत्तर लिही. पोस्टकार्ड सोबत ठेवलं हाये, पत्ता बी टाकला हाये, तुले काही खर्च नाही.

तुहा भाऊ
भीमसिंग

९ डिसेंबर २०२४

हंसा,

तुहं कार्ड आलं. तीन शब्द. "कोंबडी म्हणून विक."

राखीनं वाचलं अन् हसली. तिले वाटलं आत्यानं गंमत केली. भारत हसला नाही, तो उठून बाहेर गेला. अन् मले असा राग आला का सांगू! म्या लगेच दोन पानं लिहिली, तुले नाही नाही ते बोललो. लहानपणापासून तुही जीभ अशीच हाये, याडी, आपली माय, म्हणायची की या पोरीच्या जिभेवर मिरची ठेवून जल्माले घातलं. मंग ते दोन पानं चुलीत टाकले, कारण तू खोटं काय लिहिलं? काहीच नाही.

चला, लिहितो. कधीतरी लिहाच लागते.

अंजूच्या सगाईले माह्याकडून तीस बदकं होती. मामाचा मान, म्या म्हटलं मटण तं कोणीबी खाऊ घालते. तू रांधलं. दिग्रसकडचे पाहुणे जेवले, आपले जेवले. दोन घंट्यात एकेक जण मांडवातच आडवा होऊ लागला. उलट्या, तोंडातून लाळ, हातपाय थरथर. एकोणीस जण. ट्रॅक्टरमध्ये टाकून पांढरकवड्याले नेले. नवऱ्या पोराची, ऋतिकची, आजी गंगीबाई तं डोळेच उघडत नव्हती.

तिथी कमलाकर डॉक्टर होते. त्याहीनं विचारलं, "काय खाल्लं?" ट्रॅक्टरवर येता येताच म्या सगळ्यायले सांगून ठेवलं होतं की बदकाचं नाव काढाचं नाही, फॉरेस्टवाले मांडवासकट उचलून नेतील. तांड्याचा नायक, लालसिंग, तो बी हो म्हणला. पाहुणे बी हो म्हणले, खाल्लं तं त्याहीनंबी होतं. म्हणून डॉक्टरले म्या सांगितलं, "कोंबडी खाल्ली साहेब." त्यायनं पुन्हा विचारलं. म्या पुन्हा कोंबडी म्हटलं. तिसऱ्यांदा माह्या डोळ्यात पाहून विचारलं अन् तिसऱ्यांदा बी कोंबडीच.

अन् तू भिंतीशी उभी होतीस. कोंबडी नव्हती हे तुले ठाऊक होतं. म्या तुह्याकडे पाह्यलं, अन् तू मान खाली घातली. भावाले जेल होऊ नये म्हणून.

झालं. कागदावर आलं, शिळं अन्न. पाहुणे म्हणले, बाईनं शिळं मांस घातलं. एकोणीस माणसं पडली अन् रांधणारी मात्र धडधाकट, तिनं स्वतः खाल्लंच नाही म्हणे! रांधणारी कधी पंगतीच्या आधी खाते का? पण कोणी ऐकून घेते? ऋतिकच्या घरच्यांनी सगाई मोडली. त्या वर्षी तुले एकाही लग्नात बोलावलं नाही. मकरसंक्रांतीले तू तीळगूळ वाटले तं बायकायनं पदरात घेतले अन् वळणावर जाऊन कुत्र्यायले टाकले. म्या पाह्यलं होतं. तुले सांगितलं नाही.

पाठीत खंजीर मारणारा वैरी बरा, असं तुले वाटत असंल. वाटू दे. म्या कोंबडी सांगितलं हे चूक झाली, कबूल करतो. मांसाचं काय बिघडलं असंल ते देव जाणे. थंडीचे दिवस, पण मांडवात गरमी होती. कधी कधी होते असं.

भीमसिंग

१६ डिसेंबर २०२४

हंसा,

हे पत्र अंजूले वाचू देऊ नको. तूच वाच, हळूहळू वाच, अक्षर लागलं नाही तं थांब, पण दुसऱ्याच्या हातात देऊ नको.

मागच्या पत्रात शेवटी म्या "देव जाणे" लिहिलं. पेटीत टाकलं अन् घरी येईपर्यंत ते दोन शब्द माह्या मागं मागं आले. देव जाणे काय! मी जाणतो.

तुह्या हातात काही बिघडलं नव्हतं. मांस शिळं नव्हतं. म्या बदकायले औषध घातलं होतं.

आता सगळं सांगतो. माही शिकार कशी होती ते तुले ठाऊक हाये. बापूनं शिकवली तशी. आठ दिवस आधी तळ्यात रिकामी मडकी सोडाची. पाखरू पहिले भेते, मंग सवय होते, मडक्याच्या अंगाले अंग घासून पोहते. नवव्या दिवशी डोळ्यापुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घ्याचं अन् गळ्याएवढ्या पाण्यात उतराचं. पाय न उचलता सरकाचं. जवळ आलं की खालून पाय धराचे अन् आत ओढाचं. बाजूच्या बदकाले पत्ता लागत नाही. बंदूक नाही, आवाज नाही, एक एक करून कमरेच्या दोरीले बांधाचं. बापू म्हणायचा, जेवढं दोरीले मावते तेवढंच आपलं.

त्या वर्षी माहे गुडघे गेले होते. मार्गशीर्षातलं पाणी, दीड घंटा उभा राह्यलो तं बाहेर निघता येईना. भारतनं हात धरून काढलं. दोन दिवसांत चार बदकं मिळाली. अन् म्या पाहुण्यायले तीस सांगून बसलो होतो. भर बैठकीत, मिशीवर हात फिरवून. "मामाकडून तीस बदकं." चारात भागलं असतं, हंसा. बाकी बकरा कापला असता तं कोणी नाक मुरडलं नसतं. पण माही मान खाली गेली असती ना.

कपाशीवर फवाराचं औषध घरात होतं. ज्वारी त्यात भिजवली अन् संध्याकाळी तळ्याच्या काठाकाठानं टाकली. सकाळी गेलो तं पाखरू पाण्यावर उलटं पडलेलं. उचलत गेलो. काही तं अजून पंख हलवून राह्यलं होतं.

म्या ऐकलं होतं की थैली अन् आतडं काढून टाकलं की मांसाले काही होत नाही. म्हणून तळ्यावरच बसून सगळ्यायची पोटं साफ केली. तुह्याकडे बदकं आणली तवा तू पहिलाच प्रश्न विचारला, "भिया, थैल्या कुठी हायेत?" तीस वर्षांत म्या तुले असं साफ केलेलं पाखरू कधी आणून दिलं नव्हतं. म्या म्हटलं, "कुत्र्यायनं खाल्ल्या." तू माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणलीस, "बरं, तू म्हणतोस तं." अन् सुरी घेतली.

थैल्या राह्यल्या असत्या तं तुह्या हाताले तो ज्वारीचा वास लगेच लागला असता. तू एकबी बदक चुलीवर जाऊ दिलं नसतं. म्हणूनच काढल्या होत्या.

अजून एक राह्यलं. ते लिहाले चार दिवस लागले.

पंगतीत मी बसलो नव्हतो. कोणाच्या ध्यानात आलं नाही, सगळ्यायनं तुलेच धरलं. मले वाढाले आले तं म्या म्हटलं, आज माहा उपास हाये. कायचा उपास? माहा जल्मात उपास नाही. मांसाले काही होत नाही असा भरोसा होता तं म्या काहून नाही खाल्लं? आठ वर्षं स्वतःले विचारून राह्यलो. उत्तर एवढुसं हाये. भरोसा नव्हता.

तू आठ वर्षं काय समजत असशील? की आपलाच हात चुकला. कधी झोपेत उठून तेच भगुणं घासत असशील. नको घासू. तुहा हात चुकला नाही.

माफी मागून नाही राह्यलो. माफी मागाले तोंड लागते. मी आता नसाब, जातीची पंचायत, बसवतो. आपल्या तांड्याचा अन् दिग्रसवाल्यायचा, दोन्हीचा. सगळ्यायसमोर बोलीन. हे तुले कळावं म्हणून लिहिलं. तू थांबव म्हणलीस तरी थांबणार नाही.

भीमसिंग

५ जानेवारी २०२५

हंसा,

नसाब झाला. अन् काय झालं ते ऐकशील तं कपाळावर हात मारून घेशील.

भारत आधीच आडवा आला. "बाबा, पोलिसात जाईल, फॉरेस्टात जाईल, या वयात जेल पाहता का? आत्या तिकडे सुखात हाये." म्या विचारलं, "सुख कायचं रे, भांडे घासाचं?"  तो म्हणला, "मले दोन पोरी हायेत, उद्या त्यायच्या सगाईत कोण येईल?" त्याचंबी खोटं नाही. पण अंजूचीबी सगाईच होती ना! ते काय दुसऱ्या देवाची लेक होती?

लालसिंग नायकाच्या ओट्यावर सगळे जमले. दिग्रसकडून सहा जण आले. म्या उभा राह्यलो अन् सांगितलं सगळं. मडकी, गुडघे, औषध, थैल्या, उपास. काही ठेवलं नाही. 

 मंग नायक उठला अन् माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, "भीमा, बहिणीची माया कळते आम्हाले. म्हातारपणी माणसाले असं होते. पण तिच्यासाठी एवढा मोठा डाग अंगावर घेऊ नको." दिग्रसचा एक म्हणला, "भाऊ असावा तं असा."

मले शाबासकी दिली, हंसा! शाबासकी! दोन-चार बायकायनं डोळ्याले पदर लावला. मी ओरडलो, "अरे बापहो, मी खरं बोलून राह्यलो!" तं नायकानं भारतले खूण केली, घरी ने याले. चहा पाजला अन् वाटे लावलं.

म्हणजे पाह्य, कोंबडीचं खोटं एका डॉक्टरसमोर बोललो अन् तुहं शिळं अन्न सगळ्यायले पटलं. खरं तीनशेसमोर बोललो अन् कोणाले पटलं नाही. आठ वर्षं तुहं नाव एवढं पक्कं खराब करून ठेवलं की आता मी स्वतः पुसतो म्हटलं तं पुसू देत नाहीत.

घरी येऊन भारत म्हणला, "झालं ना बाबा, तुम्ही तुमचं केलं. आता सोडा." त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसत होतं. राखी मात्र भाकर थापता थापता म्हणली, "डॉक्टरले ठाऊक असंल ना, मामाजी?" पोरगी कमी बोलते, पण बोलते तं कामाचं बोलते.

डॉक्टर आता रिटायर होऊन यवतमाळले राहतात म्हणे. पत्ता काढून राह्यलो. सोडणार नाही.

भीमसिंग

२१ जानेवारी २०२५

हंसा,

यवतमाळले गेलतो. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेले घरच सापडलं नाही, दुसऱ्या खेपेले डॉक्टर नागपूरले गेलेले. तिसऱ्या खेपेले भेटले.

दार त्यायच्या घरवालीनं, रजनीताईनं, उघडलं. माहं धोतर-पागोटं पाहून तिले वाटलं पेशंट. "ते आता तपासत नाहीत हो." म्या म्हटलं, "मले तपासाचं नाही, मले बोलाचं हाये." आत बसवलं, पाणी दिलं.

डॉक्टर थकले, पण डोळे तेच. म्या सांगितलं, मी तो कोंबडीवाला. ते एकदम म्हणाले, "सगाईचे एकोणीस. आठवतं." म्या म्हटलं, "ते कोंबडी नव्हती, साहेब. बदक होतं, अन् त्यायले म्या फवारणीचं औषध घातलं होतं."

त्याहीनं चश्मा काढून पुसला. मंग काय बोलले ते तसंच्या तसं लिहितो. "मला माहीत होतं. शिळ्या अन्नाने माणसाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होत नाही. या जिल्ह्यात औषध चढलेली माणसं मी किती पाहिली असतील! तीनदा विचारलं, तुम्ही तीनदा कोंबडी म्हणालात. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, विषाचा उपाय केला. म्हणून ती माणसं वाचली. पण पहिल्यांदाच खरं सांगितलं असतंत तर त्या आजीबाईंना सहा दिवस मरणाच्या दारात राहावं लागलं नसतं." कागदावर शिळं अन्न काहून लिहिलं, असं म्या विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही सगळे एकच सांगत होतात. कुणी बोलायला तयार नाही, तपासायला उरलेलं मांस नाही. भगुणीसुद्धा घासून ठेवली होती."

भगुणी म्याच घासाले लावली होती. ते त्यायले नाही सांगितलं. तुले सांगतो.

म्या हात जोडले, म्हटलं, साहेब, एक दिवस तांड्यावर या. रजनीताई मधात बोलल्या, यायचं ब्लडप्रेशर हाये, एवढा प्रवास नको. डॉक्टर म्हणाले, "रजनी, त्या बाईला मी भिंतीशी उभी पाहिली होती. मला वाटलं होतं तिनेच विष घातलं." अन् नसाबाच्या दिवशी गाडीनं याचं कबूल केलं.

काल नसाब पुन्हा बसला. डॉक्टर खुर्चीवर बसून बोलले. शाळेतल्या मास्तरसारखं, शांत. डोळ्याच्या बाहुल्या, लाळ, सुया, सगळं. शेवटी म्हणाले, "त्या स्वयंपाक करणाऱ्या बाईची काहीही चूक नव्हती." तवा कुठी नायकाचं तोंड उतरलं. गंगीबाईले तिच्या पोरानं गाडीवर बसवून आणली होती. ऐंशीची म्हातारी काठी टेकत उभी झाली, माह्याजवळ आली अन् थोबाडीत दिली. हाताले काही जोर नाही, पण लागली. म्या म्हटलं, अजून एक द्या. ती म्हणली, "दुसरी हंसानं माराले ठेवली."

दंड ठरला. दोन्ही तांड्यायले जेवण माह्याकडून. म्या म्हटलं, माहीच बदकं घ्या, पण रांधणार हंसाबाईच, अन् तिले बोलवाले नायकानं स्वतः राजूरले जावं, अंगावर चांगले कपडे घालून, हातात नारळ घेऊन. लालसिंग हो म्हणला. ट्रॅक्टरवर कोंबडीले तोबी हो म्हणला होता, त्यालेबी काही फेडाचं हाये.

आज सकाळी फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन लिहून दिलं. साहेब म्हणाले, चौकशी होईल, बोलावलं की या. म्या म्हटलं, पत्ता लिहून ठेवा, मी कुठी जात नाही. भारत दोन दिवस माह्याशी बोलला नाही. आज माह्यासोबत ऑफिसच्या बाहेर उभा होता.

आता तू ये अथवा नको येऊ. नायक तुह्या दारात येईल, एवढं झालं.

भीमसिंग

१७ फेब्रुवारी २०२५

हंसा,

तू काल सकाळच्या गाडीनं गेलीस. मी स्टॅन्डवर आलतो, पण लांब, रसवंतीच्या मागं उभा होतो. अंजूनं पाह्यलं बहुतेक. पोरीची मान माह्याकडे वळली अन् पुन्हा सरळ झाली.

नायक राजूरहून परत आला तवा त्यानं तुहा निरोप सगळ्यायसमोर सांगितला. "रांधीन. पण बदकं पंधरा दिवस पाण्याबाहेर कोरड्यात ठेवा, ज्वारीशिवाय काही खाऊ घालू नका, मंग गाळाचा वास आपोआप जाते. अन् भीमसिंग चुलीजवळ दिसला तं भगुणं उलटं करीन." लोक हसले. म्या नाही हसलो, म्या त्याच दिवशी बदकं कोरड्या वाड्यात घेतली. पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ज्वारी घातली. निवडून घातली, खडा बी राहू दिला नाही.

तू आलीस तं मी गोठ्याच्या कुडामागं होतो. कुडाले फट हाये. तू पदर खोचला अन् पहिले हात धुतले, कोपरापर्यंत. मंग एकेक बदक स्वतः कापलं, कोणाले हात लावू दिला नाही. नायकाची सून मदतीले आली तं तिले कांदे भाजाले बसवलं. तीन चुली पेटवल्या. पाणी नाही टाकलं, बदकाच्याच चरबीत मांस हळूहळू होऊ दिलं, मंग जवस अन् तिखट. वास आला तवा माह्या तोंडाले पाणी सुटलं अन् डोळ्यालेबी. आता बासष्टाव्या वर्षी काय लाजाचं, रडलो मी कुडामागं.

पंगत बसली तं सगळे ताटाकडे पाहत होते. कोणाचाच हात उचलेना.  मले वाटलं गेलं सगळं, आता उठून जातील. तवा गंगीबाईनं पहिला घास घेतला. बिना दाताची म्हातारी, चावत बसली, चावत बसली, अन् आम्ही सगळे तिच्या जबड्याकडे पाहून राह्यलो. तिनं गिळलं. अन् ताट पुढं करून ओरडली, "हंसा, एवढुसंच काहून? अजून वाढ!"

मंग तं झुंबड उडाली. भाकरी कमी पडल्या, राखी अन् तिच्या नणंदा थापून थापून दमल्या. दिग्रसच्या लोकायनं रस्सा पिऊन टाकला. अंजूले ऋतिकच्या मायनं जवळ घेतलं अन् काही बोलली, मले ऐकू आलं नाही. अन् तू भगुणं कमरेवर घेऊन ओळीओळीनं वाढत होतीस, पाठ ताठ, जशी तीस वर्षं वाढत होतीस तशी.

मी शेवटच्या ओळीत शेवटी बसलो होतो. यावेळी उपास नाही म्हटलं. ताटात भाकर घेतली अन् वाट पाहत राह्यलो. तू भारतले वाढलं. माह्या बाजूच्या सुताराले वाढलं. मंग माह्यापुढं आलीस. थांबलीस. म्या वर नाही पाह्यलं, तुह्या पायायकडे पाह्यलं. तुह्या टाचा फाटल्या हायेत, हंसा, त्या मेसच्या ओल्या फरशीवर उभं राहून. मी मोजत होतो, एक, दोन, तीन. मंग ते पाय पुढं गेले.

बाजूचा सुतार आपल्यातलं माह्या ताटात टाकाले लागला. म्या त्याचा हात धरला. कोरडी भाकर मिठासंगं खाल्ली, ताट घासलं, जाग्यावर ठेवलं अन् घरी आलो. बदक कसं झालं होतं ते मले लोकायनं सांगितलं. रातभर येऊन येऊन सांगत होते. मी ऐकत बसलो. चांगली गोष्ट ऐकल्यासारखं वाटलं.

आज नायकाकडे दोन जण येऊन गेले. एकाच्या लेकीचं लग्न चैत्रात हाये, दुसऱ्याचं वैशाखात. दोघायलेबी हंसाबाईच पाह्यजे. फोन नंबर अंजूचा दिला. तेवढा उचलजो, तो माहा नसंल.

तू वाढलं नाहीस ते बरोबर केलंस. तेवढा तुहा हक्क हाये, अन् कोण्या नसाबाले तो तुह्याकडून काढून घेता येत नाही. पण मीबी बापूचाच पोरगा हाये, थंड पाण्यात मडकं घेऊन घंटाघंटा उभा राह्यलेला. चैत्रातल्या त्या लग्नाले मी येणार. वैशाखातल्याबी येणार. तू जिथी रांधशील तिथी शेवटच्या ओळीत शेवटी बसीन. वाढशील तं खाईन. नाही वाढशील तं भाकर खाऊन ताट घासीन अन् घरी येईन, अन् त्याच्या पुढल्या लग्नाची तारीख विचारत फिरीन.

तुहा भिया
भीमसिंग